चाळणीचं दुसरं टोक

बयाबाईनं चाळणीचा हेलकावा मध्येच थांबवला, जाळीत अडकलेला खिळा दोन बोटांनी उपटला आणि भिंतीकडे भिरकावला. समोर चाळणीचं दुसरं टोक धरून उभी असलेली झुंबरबाई वैतागली.

"आगं, तिसऱ्यांदा चाळतुय आपण ही माती. पीठ करतीस काय हिचं?"

"व्हय, पीठच करायचंय. पुण्याचं पावणं येणार हाय आज. त्येच्यादेखत सिकंदर मिस्त्रीची मान खाली जायला नको."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला तो ओतकामाचा कारखाना होता. तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग तिथं ओतले जात. नऊ मोल्डर पेटीत माती ठोकून साचे करीत, संध्याकाळी त्यात भट्टीतला लोखंडाचा रस ओतत. दुसऱ्या दिवशी साचे फोडले की जी काळी, करपलेली माती उरायची, ती पुन्हा कामाला लायक करायची सहा बायकांनी. आधी तिच्यातले खिळे, तारा, लोखंडाच्या कपच्या हातानं निवडायच्या. मग चाळायची. मग नवी माती आणि कोळशाची भुकटी घालून, पाणी शिंपडून, फावड्यानं खालीवर करायची आणि गोणपाटाखाली मुरत ठेवायची. चाळण दोघींची होती. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. बयाबाई आणि झुंबरबाई चौदा वर्षं अशा समोरासमोर उभ्या होत्या. दोघींनी आपापल्या नवऱ्याचं तोंडसुद्धा इतका वेळ पाहिलं नसेल.

पाणी किती घालायचं हे बयाबाईच्या मुठीला कळायचं. मूठभर माती दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत आणि मोडली की स्वच्छ दोन तुकडे झाले पाहिजेत. माती ओली राहिली तर साच्यात वाफ कोंडते आणि लोखंडाला भोकं पडतात. कोरडी राहिली तर साचाच ढासळतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनंही ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

पुण्याहून येणाऱ्या साहेबांचं नाव देवस्थळी. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजणार आणि कारखान्याचं रॅशनलायझेशन करणार, एवढं ऑफिसातून कळलं होतं. तो शब्द कुणाच्या डोक्यात शिरला नाही. पण पाहुणा येणार हे सगळ्यांना समजलं, आणि पाहुणा येणार म्हटल्यावर काय करायचं हे या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. अंगण झाडून, सडा घालून, केरसुणी दाराआड सारून मगच त्याला या म्हणायचं. पाहुण्यादेखत केर काढला तर त्याचा अपमान आणि आपलं हसं. म्हणून त्या दिवशी सहाही बायका दोन तास आधी आल्या, माती तयार करून मिस्त्रीच्या गुडघ्याशी ढीग रचला, सांडलेलं झाडून घेतलं आणि चाळण, फावडी, बादल्या घेऊन शेडमागं गेल्या.

नऊच्या ठोक्याला देवस्थळी साहेब आले. उंच, सडसडीत, बोलायला मऊ. गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळ, हातात फळी, फळीवर कागद. सिकंदर मिस्त्री सगळ्यांत जुना मोल्डर म्हणून त्यालाच पुढं केलं होतं. सिकंदर तरुणपणी तालमीतला गडी. कान अजून मुडपलेलेच होते. त्यानं सदरा काढून खुंटीला लावला, चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली आणि साहेबांकडे बघून मान हलवली. खटका दाबला गेला.

बायका मागच्या झरोक्यातून बघत होत्या. एरवी ज्या साच्याला अठरा-वीस मिनिटं लागायची, तो सिकंदरनं अकरा मिनिटांत उभा केला. माती अशी बसत गेली की दुसऱ्यांदा हात फिरवायची गरज पडली नाही. साच्यातला लाकडी फरमा उचलला तेव्हा कड कुठं मोडली नाही. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. सिकंदरनं घाम पुसला आणि झरोक्याकडे बघून म्हणाला,

"आक्का, माती न्हवती ती. लोणी व्हतं, लोणी!"

बयाबाई त्या दिवशी उचगावच्या घरापर्यंतचा रस्ता न दमता चालत गेली.

पंधरा दिवसांनी फळ्यावर नोटीस लागली. 'उत्पादनाचे सुसूत्रीकरण' असं वर ठसठशीत लिहिलं होतं. युनियनचा सेक्रेटरी कृष्णात, तोही मोल्डरच, त्यानं ती मोठ्यानं वाचली. एका साच्याला अकरा मिनिटं, वर दोन मिनिटं विश्रांतीची. त्या हिशेबानं प्रत्येकानं रोज इतके साचे करायचे. मातीचं काम मोल्डरच्या मदतनिसानं येता-जाता उरकायचं. सबब माती विभागातल्या सहा बदली (हंगामी) कामगारांची पहिल्या तारखेपासून गरज उरणार नाही.

"सहा म्हंजे कोण?" झुंबरबाईनं विचारलं.

कृष्णातनं कागदावरची नजर काढली नाही. बयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच मातीनं भरलेल्या हातांनी ऑफिसच्या पायऱ्या चढली.

देवस्थळी साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"पावणं, तुम्ही आमास्नी बघितलंसा तरी काय? बघितल्याबिगर घालवलंसा?"

"त्याचं असं आहे, बाई," ते शांतपणे म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडून कागद तिच्याकडे फिरवला. "मी नऊ वाजता आलो तेव्हा माती तयार होती. इथं रकाना आहे बघा, माती तयार करणे. त्यात वेळ शून्य. मी जे पाहिलं तेच लिहिलं. न पाहिलेलं लिहिणं हे माझ्या कामात बसत नाही."

"मग माती काय आभाळातनं पडली?"

"मी विचारायला हवं होतं कदाचित," साहेब म्हणाले. "पण तुमच्यापैकीही कुणी पुढं येऊन सांगितलं नाही. आता आकडे मंजूर झालेत."

माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. खोटं बोलला असता तर बयाबाईनं त्याला तिथंच धुतला असता. ती खाली आली तेव्हा टेबलाच्या काचेवर तिच्या पाच बोटांची काळी नक्षी मात्र राहिली होती.

कृष्णात नळावर हात धूत होता.

"बयाक्का, माझ्यावर कशाला तापतीस? लई भांडलो आमी. मालक दोन मोल्डर कमी करायला निघालते. नऊच्या नऊ राखलं. तुम्ही बायका बदलीवाल्या, युनियनच्या यादीत नाव न्हाई तुमचं. कुठं तरी सोडावं लागतंय, तवा कुठं तरी मिळतंय."

"आमचंच बरं सुटलं तुझ्या हातनं!"

"तू शांतपणानं इचार कर—"

"शांतपणा तुझ्या घरला ने," ती म्हणाली आणि सिकंदर मिस्त्रीच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

मिस्त्री माती ठोकत होता. तिला बघूनही त्याचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय आक्का, तुम्ही काय म्हननार. पन मी काय करायला पायजे व्हतं सांगा. पावण्याफुडं हात आखडायचा? तीस वर्सं झाली. माझ्या हाताला खोटं बोलता येत न्हाई."

"आनि आमचं काय?"

"माझ्याबी घरात खानारी तोंडं हायती. आनि मी न्हाई दाखवलं तर दुसऱ्या कुनी तरी दाखवलं असतं की."

बयाबाईनं ढिगातली मूठभर माती उचलली, दाबली आणि त्याच्या नाकासमोर धरली. बोटांचे चारही ठसे स्वच्छ उमटले होते.

"ही कुनाची? बोला की. अकरा मिन्टं तुमची एकट्याची व्हय?"

सिकंदरनं माती ठोकायचा ठोकणा पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला.

"तुमच्या हाताला खोटं बोलता येत न्हाई मिस्त्री, पन तोंडाला झ्याक येतंय!"

तिनं माती पेटीत आपटली. साच्याची एक कड ढासळली. सिकंदर खाली वाकून ती सारखी करू लागला.

घरी शालन, तिची मुलगी, दारात वही-पुस्तक घेऊन बसली होती. अकरावीला होती ती, आणि गणितात हुशार. सासूबाई आत शेंगा फोडत होत्या. बयाबाईनं सगळं सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं, आणि शेवटी विचारलं,

"ते रॅशनल का फॅशनल म्हंजे काय गं? ज्येच्या पायी आमास्नी हाकललं."

शालननं पुस्तक पुढं ओढलं. "आमच्या गणितात पण हाय ते. परिमेयीकरण. हे बघ, एक छेद वर्गमूळ दोन. खाली असलं वेडंवाकडं मूळ असलं की हिशेब अडतोय. मग वर आनि खाली दोन्हीला त्याच संख्येनं गुणायचं. खालचा छेद सरळ होतो, मूळ जातं वर."

"आनि किंमत?"

"तेवढीच राहती. बदलत न्हाई."

"म्हंजे अवघड व्हतं ते गेलं न्हाईच. एकाच्या डोक्यावरचं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं." बयाबाईनं पदरानं मान पुसली. "आमच्याकडं वरच्यांचा कागद सरळ दिसावा म्हनून खाली लोटत्यात एवढाच फरक."

शालन हसली. "जोशीसर सांगत होते, इंग्रजीत ह्या गणिताला आनि कारखान्यातल्या त्या कामाला एकच शब्द हाय. आनि माणूस आधी चुकतो न्हवं, मग त्या चुकीला चांगलं धडधाकट कारण शोधतो, स्वतःलाच पटवतो, त्याला पण तोच शब्द."

"तिन्हीला एकच?"

"एकच."

"शब्दांचीबी कपात केलीया म्हन की," बयाबाई म्हणाली. सासूबाई आतून खदखदून हसल्या. बयाबाईला मात्र हसू आलं नाही. तिनं नखात अडकलेली काळी माती काडीनं टोकरून काढायला सुरुवात केली, आणि ती काही निघाली नाही.

चार महिने गेले. बयाबाई दुसऱ्यांच्या उसात तण भांगलायला जाऊ लागली. उन्हात, वाकून. शालन सुट्टीच्या दिवशी बरोबर यायची आणि सरीच्या टोकाला पुस्तक ठेवून कामाला लागायची. एका दुपारी दोघी घरी परतल्या तर दारात सायकल टेकवलेली आणि कट्ट्यावर सिकंदर मिस्त्री बसलेला.

"आलासा?" बयाबाई म्हणाली. बसा म्हणाली नाही.

सिकंदरनं फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून तिच्या पुढ्यात ठेवली. इंजिनाच्या बिडाच्या भागाचा तुटका तुकडा होता तो. फोडलेल्या बाजूला भुंग्यांनी लाकूड पोखरावं तशी भोकं होती. बयाबाईनं एका भोकात करंगळी घातली.

"ओली व्हती माती."

"ओली, न्हाई तर कोरडी. एक दिस धड न्हाई. दहातली चार कास्टिंगं भंगारात जात्यात. त्या पोरास्नी येता-जाता जमतंय व्हय हे? गेल्या आठवड्यात ओल्या साच्यातनं रस उसळला." त्यानं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून गुलाबी झाली होती.

बयाबाईनं हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"मालकांनी पाठवलंय," सिकंदर म्हणाला. "एका बाईला घेनार हायत. कायम. हजेरीचं कार्ड, फंड, समदं. मी तुमचं नाव सांगितलं. सोमवारी देवस्थळी साहेब येनार, तुमचं काम घड्याळावर बघनार, आनि एका बाईनं किती मानसांची माती करायची ते ठरवनार."

"आनि बाकीच्या पाचजनी?"

सिकंदरनं दावणीच्या म्हशीकडे पाहिलं. "एकीचंच बोलनं झालंय."

"जावा तुम्ही. गरज हुती तवा आक्का, गरज सरली तवा बदलीवाली. आनि आता फिरून आक्का! लाज न्हाई वाटत?"

"वाटती," सिकंदर म्हणाला. तो उठला, सायकलवर बसला आणि गेला. बिडाचा तुकडा तिथंच राहिला.

कायम. बयाबाईनं तो शब्द दोन दिवस कुणाजवळ काढला नाही. एकोणीस वर्षं ती त्या कारखान्यात होती आणि एकोणीस वर्षं बदलीवाली होती. सणाला सुट्टी म्हणजे पगार नाही, ताप आला म्हणजे पगार नाही. सासूबाई म्हणाल्या, हाता-तोंडाशी आलेलं ढकलू नये. शालननं पुस्तक सरीच्या टोकाला न ठेवता घरीच ठेवायला सुरुवात केली होती, आणि बयाबाईला ते दिसलं होतं.

सोमवारी ती पहाटेच निघाली. कारखान्याच्या गेटाजवळ झुंबरबाई कोथिंबिरीची पाटी घेऊन बसली होती. काम गेल्यापासून ती तिथंच बसायची. ओळखीची माणसं घेतात म्हणून. बयाबाईच्या हातात जेवणाचा डबा बघून तिनं विचारलं,

"कुठं निघालीस गं?"

बयाबाईनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज उगाचच चढत गेला.

"मग मी काय करू? माझ्याबी घरात खानारी तोंडं हायती. शालनची शाळा हाय. आनि मी न्हाई गेलो तर दुसरी कोन तरी जाईलच की."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. हे तिनं आधी ऐकलं होतं. शब्दाला शब्द तसंच, मातीच्या पेटीसमोर उभं राहून. तेव्हा तिनं त्यावर माती आपटली होती.

झुंबरबाईनं एक जुडी उचलून पाणी शिंपडलं. "जा की. न्हाई कोन म्हनतंय? हात चांगला हाय तुझा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, दोन शब्द उलट बोलता आले असते. बयाबाईला राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे तिला कळेना. मालकाचा, त्या मऊ बोलणाऱ्या साहेबाचा, कृष्णातचा, मिस्त्रीचा. आणि त्या सगळ्यांच्या मागं, सगळ्यांत जास्त, स्वतःच्या तोंडाचा. आता माघारी फिरलं तरी ते वाक्य गिळता येणार नव्हतं. ती तशीच आत गेली.

आत तिची वाट बघत होते. मोल्डर आपापल्या पेट्यांपाशी, कृष्णात खांबाला टेकून, देवस्थळी साहेब फळी घेऊन. वर मालकांच्या खोलीच्या काचेआड कुणीतरी उभं होतं. सिकंदर मिस्त्री पुढं झाला आणि हळूच म्हणाला,

"आक्का, काळजी करू नका. काल सांच्यालाच मी पोरांकडनं माती निवडून घेतलीया. खिळा न्हाई की तार न्हाई. पान्याच्या बादल्या भरून ठेवल्यात. तुमचा येळ एकदम कमी लागंल. बघा तुम्ही, साहेब गार हुतंय."

बयाबाईनं ढिगाकडे पाहिलं. काळीभोर, स्वच्छ माती. भोवतालची जमीनही झाडलेली. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर ऋण फेडल्याचं समाधान होतं. चार महिने, भाजलेला हात, भंगारात गेलेली कास्टिंगं, आणि या बाबाला अजून उमगलं नव्हतं. त्यानं पुन्हा पाहुणा यायच्या आधी अंगण झाडून ठेवलं होतं. तिच्यासाठी!

"खिळं कुठं हायती?"

"आँ?"

"निवडल्याली खिळं. कुठं टाकलीसा?"

सिकंदरनं कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. बयाबाईनं पदर खोचला, डबा उचलून आणला आणि मातीच्या ढिगावर पालथा केला. खिळे, तारा, कपच्या खळखळत पडल्या. मग फावडं घेऊन तिनं ढीग चार वेळा खालीवर केला. मग भरलेल्या बादल्या एकामागून एक मोरीत ओतल्या. कुणी हसलं, कुणी 'आगं आगं' म्हणालं.

रिकाम्या बादल्या रांगेत ठेवून ती साहेबांकडे वळली.

"पावणं, करा चालू घड्याळ. आज पैल्यापासनं बघा."

देवस्थळींनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि खटका दाबला.

ती खाली बसली आणि निवडू लागली. हात पळायला बघत होते. एकोणीस वर्षांची सवय. चौघं बघताहेत म्हटल्यावर तर जास्तच. तिनं त्यांना आवरलं नाही आणि ओढलंही नाही. रोजचं काम रोज जसं होतं तसं केलं. एक कपची अंगठ्यात घुसली, रक्त आलं. तिनं अंगठा तोंडात धरला, चिंधी शोधली, बांधली.

"ह्येबी लिवा," ती मान वर न करता म्हणाली. "रोज एकदा हुतंय."

निवडून झाल्यावर ती बादल्या घेऊन हौदावर गेली. हौद आवाराच्या दुसऱ्या टोकाला. चार खेपा. साहेब फळी घेऊन तिच्यामागून हौदापर्यंत आले आणि परत आले. दुसऱ्या खेपेलाही आले. मोल्डरांनी काम थांबवलं होतं. कृष्णात खांबापासून सरळ झाला होता.

मग तिनं भिंतीला टेकवलेली चाळण ओढून ढिगापाशी आणली आणि एक टोक दोन्ही हातांनी उचललं. दुसरं टोक जमिनीवर टेकलेलंच राहिलं.

ती तशीच उभी राहिली.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"बाई," देवस्थळी म्हणाले, "घड्याळ चालू आहे."

"असू दे की."

"कुणीतरी धरा रे तिकडून," साहेब मदतनिसांकडे वळून म्हणाले. एक गडी पुढं आला.

"थांब!" बयाबाईच्या आवाजानं तो जागीच थबकला. "साहेब एका बाईचं काम मोजायला आल्यात. बघू दे एका बाईनं चाळण कशी हलती. आनि जो कोन टोक धरंल, त्येचं नाव आधी कागदावर पायजे. मागनं न्हाई. माती आभाळातनं पडत न्हाई."

कुणी हललं नाही. तिच्या हातातलं टोक जड होत चाललं होतं. देवस्थळींनी घड्याळ पाहिलं, मग जमिनीवरचं टोक पाहिलं, मग कागदावरचे आपल्याच हातानं आखलेले रकाने. चष्मा काढून त्यांनी रुमालानं पुसला आणि परत लावला.

"रोज कोण धरायचं?" त्यांनी विचारलं.

बयाबाईनं इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"इचारलंसा एकदाचं. चार म्हैन्यानं का हुईना." तिला धाप लागली होती. "झुंबरबाई तिचं नाव. चौदा वर्सं धरलंय तिनं. भाईर गेटाला कोथमीर इकत बसलीया. पानी आनायला खतिजा. फावड्याला तिघी, त्यांचीबी नावं सांगतो. एका बाईचं काम न्हवंच हे. कधीच न्हवतं."

देवस्थळींनी वर, काचेकडे पाहिलं. काचेआडचं माणूस तिथंच होतं. त्यांच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं आणि हलत नव्हतं.

सिकंदर मिस्त्रीनं हातातला ठोकणा पेटीच्या कडेला उभा केला. खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला, बटणं लावली, आणि कुणाला काही न विचारता गेटाकडे, झुंबरबाईला आणायला, चालू लागला.

बयाबाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. तिच्या अंगठ्याची चिंधी लाल झाली होती. टोक मात्र तिनं खाली ठेवलं नाही. तिचं सगळं लक्ष त्या कागदावर होतं.

"लिवा की, पावणं," ती म्हणाली. "घड्याळ पळायलंय."